शिष्यत्व (ठाणे व नवी मुंबई)

विश्वासात मुरलेल्या ख्रिस्ती माणसाने नवख्या किंवा वयाने लहान विश्वासणाऱ्याला सोबत घेऊन चालणे, याला मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ‘शिष्यत्व’ किंवा ‘विश्वासात वाढवणे’ म्हणतात. ऐकलेले विश्वासू माणसांना सोपवून दे, असे प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिले (२ तीमथ्य २:२); त्या वचनाचा दाखला नेहमी दिला जातो. तरी या कामाचा खरा आदर्श म्हणजे पहिल्या मंडळीतला बर्णबा. यरुशलेमातले शिष्य पूर्वी छळ करणाऱ्या शौलाला, म्हणजेच पुढच्या पौलाला, भीत होते, तेव्हा त्याला प्रेषितांकडे घेऊन गेला तो बर्णबाच. प्रचाराच्या प्रवासात अर्ध्या वाटेवरून परतलेल्या मार्काला पुन्हा न्यायला पौल राजी नव्हता. बर्णबा त्याला घेऊन कुप्राला (सायप्रस बेटावर) गेला. पुढे तोच मार्क आपल्या उपयोगाचा आहे, असे पौलानेच लिहिले.

कॅथलिक परंपरेत ही जबाबदारी स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) आणि दृढीकरण (बाप्तिस्म्याच्या विश्वासाला बळकटी देणारा संस्कार) या संस्कारांशी बांधलेली आहे. धर्मपिता किंवा धर्ममाता (गॉडफादर, गॉडमदर) होणाऱ्याला साधारणपणे १६ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि त्याचे दृढीकरण झालेले असावे लागते. ठाण्यात तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चचे मूळ पोर्तुगीज काळात जाते. तिथल्या जुन्या ईस्ट इंडियन (मुंबई-ठाणे भागातल्या मूळच्या कॅथलिक समाजाच्या) घरांना हे नाते परके नाही.

नवी मुंबईचे तसे नाही. शहर वसवणारे सरकारी महामंडळ सिडको १९७० साली स्थापन झाले, त्यानंतर हे शहर उभे राहिले. नगर, सोलापूर, मराठवाड्याकडून नोकरीसाठी आलेल्या कुटुंबांत आजी बहुधा गावीच राहते. तीमथ्याचा विश्वास आधी आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी होता (२ तीमथ्य १:५). घरात ती लोईस नसली, की तिची जागा मंडळीतल्या एखाद्या काकूंना घ्यावी लागते.

भेट साधीच असते. नेरूळ-खारघरकडच्या एखाद्या घरी शनिवारी संध्याकाळी चहा, मार्काच्या शुभवर्तमानातला एक अध्याय, मग प्रार्थना. मुलगी फोनवर वाचते. काकूंच्या मांडीवर पेन्सिलीच्या खुणांनी भरलेले, शिवण सुटलेले पवित्रशास्त्र. “कळलं का?” असे विचारले की मुले मान डोलावतात. “या आठवड्यात प्रार्थना नकोशी कधी वाटली?” असे विचारले की बोलू लागतात. ऐकलेले बाहेर जाऊ द्यायचे नसते. मात्र मुलाला इजा होत असल्याचे कळले, तर गप्प बसणे हा विश्वासघातच. अल्पवयीन मुलांशी बंद दाराआड भेटू नये, आणि आईवडिलांना भेटीची वेळ ठाऊक असावी.