कॅलिफोर्नियातील शालेय मंडळाची निवडणूक : पात्रता, अर्ज, कागदपत्रे आणि प्रचाराचे नियम

कॅलिफोर्नियात सार्वजनिक शाळांचा कारभार त्या त्या स्कूल डिस्ट्रिक्टचे, म्हणजे ठरावीक परिसरातील शाळांच्या प्रशासकीय क्षेत्राचे, निवडून आलेले मंडळ पाहते. सुपरिंटेंडेंटची, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या मुख्य प्रशासकाची, नेमणूक, वार्षिक अंदाजपत्रक, शिक्षकांच्या संघटनेशी होणारे वेतनकरार आणि पटसंख्या घटली की कोणती शाळा बंद करायची हा नेहमीचा कटू निर्णय, हे सारे याच मंडळाच्या बैठकीत ठरते. फ्रीमाँट, क्युपर्टिनो, डब्लिन, सॅन रॅमोन या परिसरांत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात आणि त्यांची मुले याच शाळांत जातात. त्यामुळे ‘आपल्यापैकी कोणी उभे राहावे’ ही चर्चा दर दोन वर्षांनी होतेच. ३ नोव्हेंबर २०२६ रोजीच्या निवडणुकीत उभे राहण्याचा विचार करणाऱ्यांसाठी, आणि त्यांना मदत करू इच्छिणाऱ्या नातेवाईक व मित्रमंडळींसाठीही, ही माहिती आहे. उमेदवाराच्या अडचणी बहुतेक वेळा विरोधकांमुळे नव्हे, तर आपल्याच माणसांच्या अजाणता केलेल्या मदतीमुळे वाढतात, म्हणून प्रचाराच्या नियमांचा भाग येथे जरा विस्ताराने दिला आहे.

पात्रता

उमेदवाराचे वय किमान १८ वर्षे असावे, तो अमेरिकेचा नागरिक व कॅलिफोर्नियाचा रहिवासी असावा, त्याच स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये राहत असावा आणि तेथील नोंदणीकृत मतदार असावा. शिक्षणाची कोणतीही अट नाही, आणि स्वतःचे मूल त्या शाळांत शिकत असलेच पाहिजे असेही नाही. ग्रीन कार्डधारकास निवडणूक लढवता येत नाही. नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीकडे ओसीआय कार्ड असल्यास त्याने काहीही बाधा येत नाही. लाचखोरी, सार्वजनिक पैशाची अफरातफर, खंडणी, खोटी साक्ष अशा गंभीर गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या व्यक्तीस कायद्याने उभे राहता येत नाही. डिस्ट्रिक्टच्या कर्मचाऱ्यास उभे राहता येते, परंतु निवडून आल्यास शपथ घेण्यापूर्वी त्याला नोकरीचा राजीनामा द्यावा लागतो.

येथे एक गोष्ट आधी तपासून घ्यावी. २००१ च्या कॅलिफोर्निया मतदान हक्क कायद्यानंतर अनेक डिस्ट्रिक्टनी संपूर्ण क्षेत्रातून सदस्य निवडण्याची पद्धत सोडून प्रभागवार, म्हणजे ‘ट्रस्टी एरिया’नुसार, निवडणूक घेण्यास सुरुवात केली आहे. तुमचा पत्ता ज्या प्रभागात येतो त्या प्रभागाची जागा या वर्षी रिकामी होत असेल तरच तुम्हाला उभे राहता येते. सदस्यत्वाची मुदत चार वर्षांची असल्याने आणि निम्म्या जागांची निवडणूक दोन वर्षांआड होत असल्याने, पूर्ण तयारी झाल्यावर ‘आपल्या प्रभागाची पाळी २०२८ मध्ये आहे’ असे कळणे अगदी शक्य आहे.

अर्ज कोठे आणि केव्हा

उमेदवारी अर्ज डिस्ट्रिक्टच्या कार्यालयात नव्हे, तर काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) निवडणूक कार्यालयात मिळतो आणि तेथेच भरावा लागतो. सांता क्लारा काउंटीसाठी ते सॅन होजे येथे, अलमेडा काउंटीसाठी ओकलंड येथे आणि कॉन्ट्रा कोस्टा काउंटीसाठी मार्टिनेझ येथे आहे. अर्जाची मुदत मतदानाच्या ११३ दिवस आधी सुरू होते आणि ८८ दिवस आधी संपते. म्हणजे २०२६ साठी १३ जुलै ते ७ ऑगस्ट. पात्र असलेल्या विद्यमान सदस्याने या मुदतीत अर्ज भरला नाही, तर इतरांसाठी ती १२ ऑगस्टपर्यंत वाढते. बहुतेक कार्यालयांत आधी वेळ ठरवून जावे लागते, आणि शेवटच्या दिवशी तेथे गर्दी असते. जुलैमध्ये भारतात सुट्टीवर जाण्याचा बेत असलेल्यांनी तिकिटे काढण्यापूर्वी या तारखा पाहाव्यात.

बहुसंख्य डिस्ट्रिक्टमध्ये अर्जासाठी शुल्क नाही आणि मतदारांच्या सह्याही लागत नाहीत. लॉस एंजेलिस युनिफाइडसारख्या, शहराच्या सनदेनुसार चालणाऱ्या निवडणुकीत मात्र सह्या गोळा कराव्या लागतात. ही निवडणूक पक्षविरहित असते, त्यामुळे मतपत्रिकेवर पक्षाचे नाव येत नाही. जागांपेक्षा उमेदवार अधिक नसतील, तर सहसा मतदानच होत नाही आणि अर्ज भरलेल्यांची निवडणुकीऐवजी थेट नेमणूक होते. अशा बिनविरोध जागा पुष्कळ असतात. ज्याने मुदतीत अर्जच भरला नाही, त्याला मतदानाच्या ५७ दिवस आधीपासून १४ दिवस आधीपर्यंत ‘राइट-इन’ उमेदवार म्हणून नोंद करता येते. मतपत्रिकेवर त्याचे नाव छापले जात नाही, मतदाराला ते हाताने लिहावे लागते, आणि आपल्याकडची नावे व आडनावे पाहता हा मार्ग शहाणपणाचा नाही.

कागदपत्रे

मुख्य कागदपत्र म्हणजे उमेदवारीचे घोषणापत्र. त्यावर शपथेसह सही करावी लागते. त्याबरोबर फॉर्म ७०० हे आर्थिक हितसंबंधांचे विवरणपत्र द्यावे लागते, ज्यात त्या त्या डिस्ट्रिक्टच्या नियमांनुसार गुंतवणूक, उत्पन्न, स्थावर मालमत्ता आणि मिळालेल्या भेटी यांची माहिती येते. हे विवरणपत्र कोणालाही पाहता येते, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. निकोप प्रचाराची आचारसंहिताही सहीसाठी पुढे केली जाते. तिच्यावर सही करणे ऐच्छिक आहे.

मतपत्रिकेवर नावाखाली छापला जाणारा व्यवसाय हा दिसायला किरकोळ, पण प्रत्यक्षात फार महत्त्वाचा रकाना आहे, कारण कित्येक मतदार उमेदवाराबद्दल एवढेच वाचतात. त्यासाठी जास्तीत जास्त तीन शब्द मिळतात. व्यवसाय सध्याचा किंवा मागील कॅलेंडर वर्षातील असावा, आणि तो मुख्य असावा. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. उमेदवार महिलेने पुण्यात पीएच.डी. केली आहे, नोकरी सॉफ्टवेअर इंजिनियरची आहे आणि शनिवारी ती मराठी शाळेत विनामूल्य शिकवते. तिला नावाआधी ‘डॉक्टर’ लावता येणार नाही, कारण नावाच्या ओळीत पदवी किंवा उपाधी छापण्यास कायद्याने मनाई आहे. ‘सॉफ्टवेअर इंजिनियर’ चालेल. नुसते ‘शिक्षिका’ लिहिल्यास त्यावर आक्षेप येऊ शकतो, कारण शनिवारची शाळा हा तिचा मुख्य व्यवसाय नाही, छंद आहे. ‘अग्रगण्य’, ‘तज्ज्ञ’, ‘उत्कृष्ट’ अशा अर्थाचे स्वतःची तारीफ करणारे शब्द आणि ‘माजी’ हा शब्दही नाकारला जातो. ‘निवृत्त’ हा शब्द विशिष्ट अटींवर वापरता येतो. हा व्यवसाय कशाच्या आधारे लिहिला, हे सांगणारे वेगळे पत्रक जोडावे लागते. ते न जोडल्यास नावाखालील ओळ कोरीच राहते.

मतदार पुस्तिकेत छापले जाणारे उमेदवाराचे निवेदन ऐच्छिक आहे. त्याची मर्यादा साधारणपणे २०० शब्दांची असते, मंडळाने ठरवल्यास ती ४०० शब्दांपर्यंत जाते. त्यात शिक्षण व पात्रता स्वतःच्या शब्दांत मांडायची असते. पक्षाशी असलेल्या संबंधाचा किंवा दुसऱ्या उमेदवाराचा उल्लेख त्यात करता येत नाही. निवेदन अर्जासोबतच द्यावे लागते, आणि एकदा दिल्यावर ते मागे घेता येते पण बदलता येत नाही. त्याचा खर्च डिस्ट्रिक्टमधील मतदारांची संख्या व भाषांतराच्या भाषा यांवर ठरतो आणि बहुधा उमेदवारालाच सोसावा लागतो. मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये तो चांगलाच जड जातो. तरीही, छपाईच्या इतर कोणत्याही खर्चाआधी हा करावा असे माझे मत आहे, कारण ही पुस्तिका प्रत्येक मतदाराच्या घरी जाते आणि शांतपणे वाचली जाते.

निधीचा हिशेब

पहिली देणगी मागण्यापूर्वी फॉर्म ५०१, म्हणजे निवडणूक लढवण्याचा इरादा जाहीर करणारा फॉर्म, भरलेला असावा. यात केवळ निवेदनाच्या शुल्कापुरता स्वतःचा पैसा खर्च करण्याचा अपवाद आहे. वर्षभरातील जमा आणि खर्च, दोन्हीही २,००० डॉलरच्या आत राहणार असतील, तर फॉर्म ४७० हे छोटे विवरणपत्र पुरते. ती रेषा ओलांडली की दहा दिवसांत फॉर्म ४१० भरून प्रचार समिती नोंदवावी लागते, खजिनदार नेमावा लागतो, प्रचारासाठी कॅलिफोर्नियातील बँकेत एकच स्वतंत्र खाते ठेवावे लागते आणि पुढे ठरलेल्या मुदतींत जमाखर्चाचे फॉर्म ४६० द्यावे लागतात. खजिनदार उमेदवार स्वतः असू शकतो, परंतु हिशेबाची आवड असलेला एखादा मित्र मिळाला तर त्यालाच हे काम द्यावे. मतदानापूर्वीच्या ९० दिवसांत एकाच देणगीदाराकडून १,००० डॉलर किंवा अधिक आले, तर त्याची माहिती २४ तासांत द्यावी लागते.

१०० डॉलर किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेता येत नाही. एका व्यक्तीच्या देणग्यांची बेरीज १०० डॉलर झाली की तिचे नाव, पत्ता, व्यवसाय आणि नोकरीचे ठिकाण नोंदवावे लागते. ही माहिती ६० दिवसांत मिळाली नाही तर रक्कम परत करावी लागते. घरगुती जेवणाच्या कार्यक्रमात पाकिटे गोळा करण्याची आपली पद्धत येथे सरळ अडचणीत आणते, म्हणून पाकिटाऐवजी चेक आणि प्रत्येकाकडून भरलेला छोटा फॉर्म घ्यावा. शालेय मंडळाने देणगीवर स्वतःची मर्यादा घातली आहे का, हेही विचारून घ्यावे.

नातेवाईक, महाराष्ट्र मंडळ आणि शाळा

अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार परदेशी नागरिकाला देशातील कोणत्याही निवडणुकीत, मग ती शालेय मंडळाची का असेना, देणगी देता येत नाही किंवा खर्च करता येत नाही. पुण्याच्या मामांनी कौतुकाने पाठवलेले पाचशे डॉलर म्हणूनच घेता येत नाहीत, आणि शेजारच्या एच-१बी व्हिसावरील मित्राचे पन्नासही नाहीत. ग्रीन कार्डधारकाला मात्र देणगी देता येते. व्हिसावरील मित्र मोबदला न घेता स्वयंसेवक म्हणून घरोघरी फिरू शकतो, पत्रके वाटू शकतो, परंतु पैसा कोठे खर्चावा यांसारख्या निर्णयांत त्याने भाग घेऊ नये. प्रचारासाठी काउंटीकडून घेतलेली मतदार यादी देशाबाहेर पाठवण्यासही मनाई आहे, त्यामुळे ती तक्त्यात मांडून देण्यासाठी नागपूरच्या भावाला ई-मेल करू नये.

२०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे अर्जांची मुदत संपल्यानंतर आणि ५ ऑक्टोबरच्या सुमारास टपाली मतपत्रिका घरी येऊ लागण्यापूर्वी. उमेदवाराला याहून सोयीची गर्दी मिळणे कठीण. परंतु बहुतेक महाराष्ट्र मंडळे करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली असतात आणि अशा संस्थेला उमेदवाराचा पुरस्कार करता येत नाही. मंचावरून ‘आपल्या उमेदवाराला निवडून द्या’ असे आवाहन, मंडळाच्या ई-मेल यादीवरून पत्रक किंवा मंडळाच्या पैशातून जाहिरात, यांपैकी काहीही मंडळाची करसवलत धोक्यात आणू शकते. पदाधिकाऱ्याला व्यक्ती म्हणून स्वतःचे मत मांडता येते, आणि सर्व उमेदवारांना समान संधी देणारी चर्चा मंडळाला आयोजित करता येते. शाळेतील पालक-शिक्षक संघटनेलाही हेच लागू होते. शाळेचे ई-मेल, झेरॉक्स यंत्र किंवा कर्मचाऱ्यांचा कामाचा वेळ प्रचारासाठी वापरण्यास राज्याच्या शिक्षण संहितेने वेगळी मनाई केली आहे.

पत्रके, पाट्या आणि टपाल

एकसारखी २०० हून अधिक पत्रे टपालाने पाठवल्यास पाकिटाबाहेर उमेदवाराचे किंवा समितीचे नाव व पत्ता छापावा लागतो. राज्य महामार्गांलगतच्या पाट्या ३२ चौरस फुटांपेक्षा मोठ्या नसाव्यात, मतदानाच्या ९० दिवसांपूर्वी लावू नयेत आणि मतदानानंतर दहा दिवसांत काढाव्यात. त्यासाठी जबाबदारी स्वीकारणारे पत्र परिवहन विभागाला द्यावे लागते. शहरांचे आणि गृहसंकुलांचे नियम याहून वेगळे असतात. मतदान केंद्रापासून १०० फुटांच्या आत प्रचार चालत नाही, आणि यात अंगावरील टी-शर्टही आला.

सॅन फ्रान्सिस्को शहराची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे २०१६ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्तावानुसार, १९ वर्षांखालील मुलांच्या नागरिक नसलेल्या पालकांना केवळ शालेय मंडळाच्या निवडणुकीत मत देता येते. मात्र ही नोंदणी इमिग्रेशन खात्यापर्यंत पोहोचू शकते असा इशारा शहराचे निवडणूक कार्यालयच देते, त्यामुळे वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय व्हिसावरील मित्रांना त्यासाठी आग्रह करू नये.

निवडून आलेल्या सदस्याची मुदत डिसेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी, म्हणजे २०२६ मध्ये ११ डिसेंबरला, सुरू होते. परंतु सार्वजनिक बैठकांचा ब्राउन कायदा शपथ घेण्यापूर्वीच, निवडून आल्यापासून, लागू होतो, म्हणून शालेय मंडळाच्या बहुसंख्य सदस्यांनी मिळून जेवणाच्या टेबलावर कामकाजाची चर्चा करणे त्या काही आठवड्यांतही टाळावे लागते. फॉर्मची ताजी आवृत्ती एफपीपीसी, म्हणजे फेअर पोलिटिकल प्रॅक्टिसेस कमिशन, यांच्या संकेतस्थळावरून घ्यावी, आणि काउंटीची उमेदवार मार्गदर्शिका जुलैपूर्वी एकदा पूर्ण वाचावी.