उटीच्या गाडीला दात कशाला?

मेट्टुपालयमहून उटीची गाडी करून आलो आणि नागपुरात जो तो एकच विचारतोय, तिला साखळीनं ओढतात ना? साखळी नाही हो! आपल्याकडे चढ म्हणजे सेमिनरी हिल्स नाहीतर उड्डाणपूल, म्हणून घाटातल्या रेल्वेबद्दल काहीही खपतं.

लोखंडी रूळ, लोखंडी चाक, दोन्ही गुळगुळीत. कल्लार ते कुन्नूर चढ साधारण 12 मीटरला 1 मीटर, म्हणजे समजा इंजिन-डबे मिळून 100 टन तर सव्वाआठ टनांचा जोर गाडीला सारखा मागे खेचतोय. इंजिन 50 टनांचं धरा, रूळ ओले, पकड वजनाच्या जेमतेम 15 टक्के म्हणजे साडेसात टन. चाकं जागेवरच गरगरणार. म्हणून मधोमध दातेरी पट्ट्या टाकल्यात, इंजिनाखालचं दातेरी चाक त्यांत अडकत वर चढतं. पट्ट्या दोन, एकीचा दाता दुसरीच्या खाचेशेजारी, त्यामुळे एक सुटायच्या आत दुसरा धरलेला असतो. डोकं स्विस इंजिनिअर रोमान आब्टचं. कुन्नूरपर्यंत गाडी 1899 मध्ये आली, उटीला 1908 मध्ये.

पण माझा जीव जडला तो वाफेवर. इंजिनाला चार सिलिंडर. बॉयलरची वाफ आधी पहिल्या दोघांत जाते, ते साधी चाकं फिरवतात. सपाटीवर ती वाफ मग धुराड्यातून बाहेर, छुकछुक तिचंच. कल्लारनंतर मात्र तीच वाफ उरलेल्या दोन सिलिंडरांत जाते आणि ते दातेरी चाकं फिरवतात, एकदा उकळलेल्या चहापत्तीचा दुसरा चहा म्हणा ना. आता खरी गंमत. साधी चाकं घसरून भराभर फिरली की पहिल्या सिलिंडरांतून वाफ जास्त येते, पुढे तुंबते, तुंबली की उलटा दाब पहिल्या पिस्टनवर येतो, त्याचा जोर कमी होतो, घसरणं आपोआप थांबतं, आणि तोवर दातेरी चाकाला जास्तीचा रेटा मिळालेला असतो. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही! (नाही कळलं तर परत वाचा, मलाही कागदावर चित्र काढावं लागलं.)

आणि साखळी विचारणारे हेच लोक लेहजवळच्या चुंबकी टेकडीवर कार आपोआप चढते म्हणून व्हिडिओ फॉरवर्ड करतात. तिथे उतारच आहे, आजूबाजूच्या डोंगरांमुळे डोळे फसतात एवढंच.

इंजिन मागून ढकलतं, म्हणून पुढच्या डब्यात तोंडावर धूर कमी. मोतीबागच्या नॅरो गेज म्युझियममध्ये पोरांना नेलंत तर इंजिनाखाली वाकून बघा, दातेरी चाक सापडायचं नाही, आपल्या सातपुड्याचा चढ तेवढा खडा नव्हताच.