पाळीचे वय, पहिले मूल आणि सांध्यांचे आजार: जनुकीय पुराव्याची पार्श्वभूमी

रुमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटण्याचा आजार, पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये दोन ते तीन पट जास्त आढळतो. गरोदरपणात तो शमतो आणि बाळंतपणानंतर पुन्हा उसळतो, ही नोंद १९३८ सालची. २००४ मध्ये अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घ पाहणीत अनियमित पाळी असलेल्यांना धोका जास्त, तर एकूण १२ महिन्यांहून अधिक स्तनपान केलेल्यांना कमी दिसला. पण शिक्षण, वजन आणि धूम्रपान या सगळ्यात मिसळलेले होते.

ती सरमिसळ सोडवायला मेंडेलियन रँडमायझेशन आले: पाळीच्या वयासारख्या कारणाशी जोडलेली जनुकीय रूपे (डीएनएतले जन्मजात फरक) त्या कारणाच्या जागी धरून आजाराचा धोका तपासायची पद्धत. जनुकीय रूपे गर्भधारणेच्या वेळीच ठरतात, त्यामुळे पुढची राहणी ती बदलत नाही. पहिल्या पाळीच्या वयाशी निगडित ३८९ जनुकीय संकेत २०१७ मध्ये हाती आले आणि रजोनिवृत्तीच्या वयाशी निगडित डीएनएवरच्या २९० जागा २०२१ मध्ये. त्यांतून पी मूल्य (संबंध नसतानाही निव्वळ योगायोगाने असा आकडा दिसण्याची शक्यता) ०.०००००००५ हून कमी असलेली, एकमेकांशी न जोडलेली रूपे घ्यायची आणि एफ (रूपाची ताकद मोजणारा आकडा) १० च्या खाली गेलेली गाळायची. रुमेटॉइडसाठी सहाव्या गुणसूत्रावरचा एचएलए हा प्रतिकारशक्तीच्या जनुकांचा भागही वगळावा. त्याचा थेट परिणाम इतका मोठा आहे की तिथले एखादे रूपही निष्कर्ष ओढून नेते.

खरा वाद वजनाचा. पाळी लवकर आणणारी काही रूपे एफटीओ, टीएमईएम१८ अशा लठ्ठपणाच्या जनुकांपाशीच आहेत आणि गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस (सांध्याची झीज) तर वजनाने वाढतोच. म्हणून अनेक जण बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) गणितात घालून मोकळे होतात. पण कोणत्या वयाचा बीएमआय? बालपणीचे वजन पाळीच्या आधीचे असते, ते वेगळे काढलेच पाहिजे. प्रौढपणीचे वजन अंशतः लवकर आलेल्या पाळीचाच परिणाम असू शकते. ते काढले की उरतो फक्त पाळीचा वजनावाटे न होणारा थेट परिणाम, आणि तोच एकूण परिणाम म्हणून छापणे चूक आहे. एमआर-एगर ही चाचणी रूपे दुसऱ्याच वाटेने आजारावर परिणाम करतात का ते पाहते; तिचा छेद (आलेखावरची रेषा उभ्या अक्षाला जिथे मिळते तो आकडा) शून्याजवळ आला म्हणून वजनाचा प्रश्न मिटत नाही, कारण ही चाचणी कमी ताकदीची आहे. त्याहून उपयोगी पडताळा म्हणजे तीच रूपे पुरुषांच्या आकडेवारीत लावून पाहणे. तिथेही धोका तितकाच दिसला, तर कारण पाळी नव्हे, वजन किंवा एकूण वयात येण्याची गती असावी. दुर्दैवाने रुमेटॉइडची बरीचशी खुली आकडेवारी स्त्री-पुरुष एकत्र आहे.

पहिल्या बाळंतपणाच्या वयाबाबत जपूनच बोलावे लागते. त्याची रूपे शिक्षणाच्या वर्षांशी घट्ट जोडलेली आहेत. त्यामुळे 'उशिरा मूल, सांधे सुरक्षित' असा निष्कर्ष शिक्षण आणि धूम्रपान बहुचल पद्धतीने (अनेक कारणे एकाच वेळी गणितात घेऊन) वेगळे काढल्याशिवाय मांडू नये, बायकांना तसा सल्ला तर मुळीच देऊ नये.

कारण आणि आजार या दोन्हींची आकडेवारी एकाच मोठ्या ब्रिटिश आरोग्य-माहिती संग्रहातून घेतली आणि रूपे कमकुवत असली, की उत्तर जुन्या पाहण्यांच्याच दिशेला झुकते. शिवाय ही रूपे बहुतांशी युरोपीय वंशाच्या स्त्रियांमध्ये मोजलेली आहेत. त्यांचे भारांक (प्रत्येक रूपाच्या परिणामाचे आकडे) भारतीय स्त्रियांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.