गोळीत औषध किती, आणि बाकीचं काय?

थायरॉइडसाठी कित्येकजण रोज सकाळी उपाशीपोटी ५० मायक्रोग्रॅमची गोळी घेतात. त्यात खरं औषध मिठाच्या एका कणाएवढंच असतं. गोळीचं वजन १०० मिलीग्रॅम धरलं, तर औषधाचा वाटा दोन हजारावा. उरलेल्यात लॅक्टोज (दुधातली साखर), स्टार्च, सेल्युलोजची भुकटी, चिमूटभर मॅग्नेशियम स्टिअरेट आणि असलाच तर रंग. स्ट्रिपवर या सगळ्याची बोळवण 'एक्सिपियंट्स' या एका शब्दात होते. वाचणाऱ्याला वाटतं, हा नुसता भराव. पण गोळी बनवणाऱ्यांची निम्मी डोकेफोड या भरावापायीच होते, आणि औषधांच्या इतिहासातल्या काही भयंकर चुकाही इथेच झाल्या आहेत.

पहिली अडचण मिसळण्याची. लाखो गोळ्यांच्या मिश्रणात तो कणभर ऐवज सगळीकडे सारखा पोचायला हवा. म्हणून औषध आधी थोड्या भुकटीत घोळतात, मग तेवढ्याच आणखी भुकटीत, असं करत करत वाढवत नेतात. तपासणीत दहा गोळ्या सुट्या सुट्या मोजल्या जातात, कारण एका गोळीत २० आणि दुसरीत ८० मायक्रोग्रॅम असलं तरी सरासरी ५० येतेच. त्या सरासरीचा रुग्णाला काहीच उपयोग नाही.

भराव शरीरात काय करू शकतो, हे ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये १९६८ साली दिसलं. फिट्स येऊ नयेत म्हणून फेनिटॉइन घेणारे, वर्षानुवर्षं त्याच डोसवर ठीक असलेले रुग्ण एकाएकी चालताना झोकांड्या खाऊ लागले. काहींना चक्कर, काहींना धूसर दिसायला लागलं. ही लक्षणं फेनिटॉइन जास्त झाल्याची. पण डोस कोणी वाढवला नव्हता आणि कॅप्सूलमध्ये औषध अगदी बरोबर होतं. बदललं होतं ते फक्त भरावाचं द्रव्य: कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज आलं होतं. आधी कॅल्शियममुळे फेनिटॉइनचा काही भाग आतड्यातून रक्तात जातच नव्हता. डॉक्टरांनी डोस बसवला होता तो या 'गळती'सकट. लॅक्टोजने ती गळती थांबवली. त्यात फेनिटॉइनचा स्वभावही असा, की यकृताची ते मोडण्याची क्षमता एका मर्यादेशी येऊन संपते. पुढे थोडी भर पडली तरी रक्तातलं प्रमाण झपाट्याने चढतं. माझ्या मते फार्मसीच्या पहिल्या वर्षाला पहिल्या तासाला सांगावी अशी ही घटना आहे.

आमच्या बडोद्याला ही भाषा परकी नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं. त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांनी कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्या साथीने १९०७ साली अलेंबिकची स्थापना केली. पुढे साराभाई केमिकल्स आलं. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी घरांत औषध कंपनीच्या क्यूसीत (दर्जा तपासणीत) नाहीतर प्रॉडक्शनला नोकरी केलेला एखादा काका हमखास निघतो. त्याला मॅग्नेशियम स्टिअरेटबद्दल विचारून बघा. गोळी दाबताना ती यंत्राच्या पंचला, म्हणजे दाबणाऱ्या दांड्याला, चिकटू नये म्हणून ही मेणचट भुकटी अगदी शेवटी घालतात, साधारण अर्धा ते एक टक्का, आणि काही मिनिटंच फिरवतात. ब्लेंडर जास्त वेळ फिरला, तर ती प्रत्येक कणावर पातळ थर धरते. पाणी आत शिरेना होतं आणि गोळी सावकाश विरघळते. घटक तेच, वजनं तीच, बिघडला तो फक्त फिरवण्याचा वेळ.

असा बिघाड पकडते ती डिसोल्यूशन, म्हणजे विरघळण्याची, चाचणी. काचेच्या सहा जारमध्ये प्रत्येकी बहुधा ९०० मिलीलिटर द्राव, तापमान ३७ अंश, मिनिटाला ५० किंवा ७५ फेरे घेणारं पॅडल. गोळी टाकायची, ठरल्या वेळी थोडा द्राव काढून गाळायचा आणि किती औषध विरघळलं ते मोजायचं. जठराची ही फार ढोबळ नक्कल आहे. त्यात जेवण नाही, पित्त नाही, आतड्याची हालचाल नाही. तरीही कालची बॅच आणि आजची बॅच यांत फरक पडला, तर तो इथे सहसा कळतो.

पातळ औषधांचा धोका वेगळा. पॅरासिटामॉल पाण्यात फारसं विरघळत नाही. साध्या तापमानाला एका मिलीलिटरमध्ये जेमतेम १४ मिलीग्रॅम. मुलांच्या सिरपमध्ये मात्र ५ मिलीलिटरला १२५ मिलीग्रॅम द्यायचं, म्हणजे मिलीलिटरला २५. हिशेब जुळवायला प्रॉपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन अशी द्रावकं (विरघळवणारी द्रव्यं) घालावी लागतात. ती औषधी दर्जाची असली तर काही बिघडत नाही. पण त्यांच्यासारखंच दिसणारं, गोडसर, घट्टसर आणि स्वस्त असं एक औद्योगिक रसायन आहे: डायएथिलिन ग्लायकॉल. शरीरात त्याचं जे बनतं, ते मूत्रपिंडं निकामी करतं.

अमेरिकेत १९३७ साली सल्फानिलमाइड हे जंतुसंसर्गावरचं औषध चक्क याच रसायनात विरघळवून, रासबेरीचा स्वाद देऊन विकलं गेलं. चव, वास, रंग तपासले होते, विषारीपणा नाही. शंभराहून अधिक माणसं दगावली आणि पुढच्याच वर्षी तिथे कायदा आला की औषध विकण्याआधी त्याची सुरक्षितता दाखवलीच पाहिजे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण गेले. न्यायमूर्ती लेंटिन आयोग त्यासाठीच नेमला होता. २०२२ मध्ये गांबियातल्या मुलांच्या मृत्यूंनंतर जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या चार सिरपांबद्दल इशारा दिला. आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपने वीसहून अधिक मुलं गेली. इतक्या वर्षांत रसायन तेच, मरण तसंच. स्वीकार्य मर्यादा ०.१ टक्का आहे आणि ती तपासायला गॅस क्रोमॅटोग्राफीचं, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं, यंत्र पुरतं. प्रत्येक पिंपाचा नमुना घ्यायचा, पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर विसंबायचं नाही, एवढंच करायचं असतं. इथे विज्ञान कमी पडत नाही, हे म्हटल्याशिवाय राहवत नाही.

यातून निघायची एक वाट फॉर्म्युलेशनकडेही, म्हणजे औषधाला रूप देण्याच्या तंत्राकडेही, आहे: औषध विरघळवायचंच नाही, बारीक कण करून तरंगत ठेवायचं. 'हलवून घ्या' असं लिहिलेल्या बाटलीत बहुधा असं सस्पेन्शन असतं. हलवलं नाही तर वरच्या चमच्यात औषध कमी आणि तळाच्या चमच्यात जास्त येणार, हे ओघानेच आलं.

भराव मारतो, तसा तारतोही. अ‍ॅम्फोटेरिसिन बी हे बुरशीवरचं जालीम औषध. बुरशीच्या पेशींच्या आवरणातल्या एर्गोस्टेरॉलला ते धरतं, पण आपल्या पेशींतल्या कोलेस्टेरॉललाही थोडंफार धरतं आणि मूत्रपिंडांना इजा करतं. म्हणून साधं इंजेक्शन दिवसाला किलोमागे साधारण एक मिलीग्रॅमच्या पुढे न्यायला डॉक्टर कचरतात. तेच औषध लायपोसोममध्ये, म्हणजे १०० नॅनोमीटरहून लहान अशा मेदाच्या गोळ्यांत बसवलं, की किलोमागे तीन ते पाच मिलीग्रॅम देता येतं. काळ्या आजारात (वाळूमाशीमुळे पसरणाऱ्या काला-आजारात) तर भारतात किलोमागे दहा मिलीग्रॅमचा एकच डोस देतात. २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या रुग्णांनी सयाजी रुग्णालयाचे वॉर्ड भरले, तेव्हा नातेवाईक हेच लायपोसोमल इंजेक्शन शोधत वणवण फिरत होते. एम. एस. विद्यापीठाच्या फार्मसी विभागात लायपोसोमवर बरंच संशोधन झालं आहे, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

जेनेरिक गोळीला, म्हणजे मूळ कंपनीच्या औषधाची दुसऱ्या कंपनीने बनवलेली गोळी, तिला आणखी एक परीक्षा द्यावी लागते. निरोगी स्वयंसेवकांना रात्रभर उपाशी ठेवून एकदा मूळ गोळी, मधे काही दिवस जाऊ देऊन एकदा नवी गोळी देतात आणि दोन्ही वेळा ठरावीक अंतराने रक्त काढून औषधाची पातळी मोजतात. नव्या गोळीची पातळी मूळ गोळीच्या किती टक्के, या गुणोत्तराचा निकष ८० ते १२५ टक्क्यांचा. त्यावरून 'जेनेरिकमध्ये औषध २० टक्के कमी चालतं' अशी समजूत पसरली आहे, ती चुकीची आहे. सरासरी गुणोत्तर आणि त्याभोवतीचा अनिश्चिततेचा पूर्ण पट्टा त्या मर्यादेत बसावा लागतो. सरासरीच ८५ वर आली, तर पट्ट्याचं टोक बाहेर पडायची भीती असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दोन हजारांहून अधिक अशा चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा शोषणातला सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला. पाण्यात नीट न विरघळणाऱ्या औषधांच्या जेनेरिकना भारतात २०१७ पासून ही चाचणी सक्तीची आहे.

इतकं करून घडवलेली गोळी घरी खलबत्त्यात जाते, विशेषतः रुग्णाला नाकातून नळी घातलेली असेल तेव्हा. पॅन्टोप्राझोल या आम्लपित्ताच्या गोळीवर असलेलं आवरण जठरातल्या आम्लात टिकतं आणि आतड्यात विरघळतं. ते फोडलं तर औषध आम्लातच नासतं. एसआर, एक्सआर, ईआर लिहिलेल्या गोळीत दिवसभराचं औषध सावकाश सुटण्यासाठी बांधलेलं असतं. कुटली की सगळं एकदम रक्तात जातं आणि रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळीत ते जिवावर बेतू शकतं. काही एसआर गोळ्यांवर मधोमध खाच असते. त्या अर्ध्या केलेल्या चालतात, कुटलेल्या नाही. ओमेप्राझोल या आम्लपित्ताच्याच औषधाची कॅप्सूल उघडता येते, पण आतले मणी अख्खेच गेले पाहिजेत. बऱ्याच औषधांचं पातळ किंवा पाण्यात विरणारं रूप मिळतं. नळी लागली की डॉक्टरांकडून चिठ्ठीवर तेच लिहून घ्यावं.