नाउरू

पॅसिफिक महासागरातील, विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे ५६ किमी. अंतरावर वसलेला एकाच बेटाचा देश. क्षेत्रफळ अवघे २१ चौ. किमी., लोकसंख्या सुमारे १२,०००. जगातील हे सर्वांत लहान प्रजासत्ताक. अधिकृत राजधानी नाही. संसद यारेन जिल्ह्यात भरते. सर्वांत जवळचे बेट किरिबाटीचे बनाबा, तेही ३०० किमी. पूर्वेला.

किनाऱ्यालगत माडांची चिंचोळी पट्टी असून बहुतेक वस्ती तिथेच आहे. नदी एकही नाही. पाणी पावसाचे, नाहीतर समुद्राचे गोडे केलेले. मधल्या पठाराला तिथले लोक ‘टॉपसाइड’ म्हणतात. तिथली खतासाठी लागणारी फॉस्फेटयुक्त माती खरवडून नेल्यामुळे आता उरले आहेत ते प्रवाळी चुनखडीचे करडे, टोकदार सुळके; काही दोन-तीन मजली घराएवढे उंच. त्यांच्यामधून धड चालताही येत नाही, मग शेती कुठली!

ही दशा कशी झाली, तोच नाउरूचा आधुनिक इतिहास. १८८८ मध्ये जर्मनीने बेट ताब्यात घेतले. सिडनीतील एका कंपनीच्या कचेरीत दार अडवायला नाउरूचा एक दगड ठेवलेला असे. कंपनीतील कर्मचारी अल्बर्ट एलिस यांनी तो तपासून पाहिला, तेव्हा ते उच्च प्रतीचे फॉस्फेट निघाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात खाणकाम सुरू झाले. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्या संयुक्त मंडळाने खाणी चालवल्या आणि हे खत आपल्या शेतकऱ्यांना बाजारभावापेक्षा स्वस्तात पुरवले. जमीन ज्यांची, त्यांच्या हाती मात्र नाममात्र स्वामित्वधन पडले. हा उघड अन्याय होता.

दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी सुमारे १,२०० नाउरूवासीयांना मायक्रोनेशियातील ट्रुक (आताचे चूक) बेटांवर सक्तमजुरीसाठी नेले. त्यांतील ७३७ जण ३१ जानेवारी १९४६ रोजी जिवंत परतले. पुढे ऑस्ट्रेलियाने क्वीन्सलँडजवळच्या कर्टिस बेटावर सर्वांचे पुनर्वसन करू असे सुचवले. आपली स्वतंत्र ओळख पुसली जाईल म्हणून लोकांनी ते नाकारले. स्वातंत्र्यासाठी तारीख निवडली तीही परतीचीच : ३१ जानेवारी १९६८. हॅमर डीरोबर्ट हे पहिले राष्ट्राध्यक्ष.

खाणी स्वतःच्या हाती आल्यावर दरडोई उत्पन्न जगातील सर्वाधिक उत्पन्नांत गणले जाऊ लागले. पण फसलेल्या गुंतवणुकी आणि उधळपट्टीत पैसा गेला. मेलबर्नमधील ५२ मजली ‘नाउरू हाउस’ही विकावे लागले. खाणींनी झालेल्या नुकसानीबद्दल नाउरूने १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात ऑस्ट्रेलियाविरुद्ध दावा लावला. १९९३ मध्ये तडजोड होऊन भरपाई मिळाली. २००१ पासून ऑस्ट्रेलियाने आश्रयार्थींना ठेवण्यासाठी इथे छावणी चालवली, आणि त्या पैशावर देश बराच विसंबला.

नाउरूत बारा कुळे मानतात. मूल आईच्या कुळाचे. राष्ट्रध्वजावरील बारा टोकांचा तारा या कुळांचाच. समुद्रावरून येणाऱ्या फ्रिगेट पक्ष्यांना वजन बांधलेली दोरी भिरकावून पकडण्याचा आणि माणसाळवण्याचा जुना खेळ आजही जिवंत आहे. खडकाळ किनाऱ्यावर मिल्कफिश या माशाची पिले धरून ती बुआडा सरोवरात वाढवण्याची पद्धतही पूर्वापार होती. आता बहुतेक अन्न आयात केलेले, डबाबंद. मधुमेहाचे प्रमाण फार मोठे आहे. २६ ऑक्टोबरला ‘अंगाम’ दिन पाळतात, तो लोकसंख्या सावरल्याच्या आठवणीसाठी. साथींनी खचलेली नाउरूवासीयांची संख्या १९३२ मध्ये १,५०० वर पोचली. जमात टिकायची तर इतकी माणसे हवीत, असे तेव्हा मानले जाई. युद्धात ही संख्या पुन्हा घटली आणि १९४९ मध्ये पुन्हा गाठली गेली.