जुन्या शॉर्टवेव्ह रेडिओवर डिजिटल प्रक्षेपण

शॉर्टवेव्हवर स्टेशन शोधताना एखाद्या ठिकाणी एकसुरी, जराही न हेलकावणारी खरखर लागली आणि सुमारे दहा किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यानंतर ती एकदम तुटली, तर ते बहुधा डिजिटल रेडिओ मोंडिअल, म्हणजे डीआरएम, पद्धतीचे प्रक्षेपण असते. या पद्धतीची नियमित प्रक्षेपणे २००३ च्या जूनमध्ये सुरू झाली, तर आकाशवाणीने २००९ च्या जानेवारीत दिल्लीजवळच्या खामपूर येथील २५० किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून तिचा वापर सुरू केला. तयार डीआरएम संच मात्र महाग आणि दुर्मीळ राहिले, त्यामुळे हौशी मंडळींनी घरातल्या जुन्या संचातच फेरफार करायचे ठरवले.

हे जमते, कारण अवघड काम तो संच आधीपासूनच करत असतो. हवेतल्या असंख्य लहरींमधून नेमकी एक निवडून, आपल्या आंदोलकाच्या (स्वतः लहर निर्माण करणाऱ्या भागाच्या) मदतीने तो तिला ४५५ किलोहर्ट्‌झ या ठरावीक मध्यस्थ कंप्रतेवर, म्हणजे आयएफवर, आणतो. पुढे डिटेक्टर, म्हणजे लहरीतून आवाज वेगळा काढणारा भाग, फक्त लहरीचा आयाम (उंची) वाचतो आणि कलेतील, म्हणजे लहरीच्या मागेपुढे असण्यातील, फरक टाकून देतो. डीआरएमची माहिती आयाम आणि कला या दोन्हींत असल्यामुळे डिटेक्टरच्या अलीकडेच एक छोटा कपॅसिटर सोल्डर करून संदेश बाहेर काढावा लागतो.

संगणकाच्या साउंड कार्डला ४५५ किलोहर्ट्‌झ झेपत नाहीत. म्हणून एनई६१२ सारख्या आठ पायांच्या मिक्सर चिपमध्ये हा संदेश ४६७ किलोहर्ट्‌झशी मिसळतात आणि दोहोंतील फरक, म्हणजे १२ किलोहर्ट्‌झ, साउंड कार्डला देतात. नेमका ४६७ चा रेझोनेटर, म्हणजे ही कंप्रता ठरवणारा छोटा भाग, सहसा मिळत नाही. ४७० चा घेऊन ट्रिमर कपॅसिटरने तो थोडा खाली ओढला की काम भागते. आंदोलकाची कंप्रता आयएफच्या वर असल्यामुळे इथे कंप्रतांचा क्रम उलटा होतो, पण बहुतेक संचांत तो आधीच एकदा उलटलेला असल्याने शेवटी सुलटच मिळतो.

खरी अडचण फिल्टरची असते. शेजारच्या स्टेशनचा आवाज मिसळू नये म्हणून साध्या संचातला आयएफ फिल्टर बहुधा चार ते सहा किलोहर्ट्‌झ एवढाच अरुंद ठेवलेला असतो. डीआरएमच्या शॉर्टवेव्हसाठीच्या बी मोडमध्ये दहा किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात २०६ उपवाहक, म्हणजे माहिती वाटून नेणाऱ्या छोट्या लहरी, शेजारी शेजारी बसवलेले असतात आणि अरुंद फिल्टर त्यांतले कडेचे उपवाहक छाटून टाकतो. अशा वेळी सुमारे १२ किलोहर्ट्‌झ रुंदीचा सीएफयू४५५एफ सारखा सिरॅमिक फिल्टर बसवणे श्रेयस्कर. माझ्या मते मिक्सर जोडण्याआधी हेच काम उरकावे. फिल्टर तसाच राहिला तर पुढची सारी खटपट वाया जाते.

आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतलेल्या लहरी वेगवेगळ्या वाटांनी मागेपुढे पोहोचतात, आणि एएममध्ये, म्हणजे नेहमीच्या अ‍ॅनालॉग प्रक्षेपणात, त्यामुळेच आवाज चढउतार करतो. बी मोडमध्ये प्रत्येक चिन्हाच्या, म्हणजे एका वेळी पाठवलेल्या माहितीच्या तुकड्याच्या, आरंभी सुमारे ५.३ मिलिसेकंदांची राखीव जागा सोडलेली असते. एवढ्या वेळात रेडिओलहर सोळाशे किलोमीटर जाते, म्हणजे दोन वाटांच्या लांबीत तेवढा फरक पडला तरी एक चिन्ह दुसऱ्यावर चढत नाही. संचाचा स्वतःचा आंदोलक सरकत असेल तर मात्र या सोयीचा काही उपयोग होत नाही, म्हणून काट्याच्या स्वस्त संचापेक्षा पीएलएल, म्हणजे कंप्रता स्थिर धरून ठेवणारे मंडल, असलेला संच निवडावा. थेट विजेच्या मुख्य तारेशी जोडलेल्या चासीच्या (धातूच्या सांगाड्याच्या) जुन्या व्हॉल्व्ह संचाला हात लावू नये. त्यात जिवाला धोका असतो.

उलगडण्याचे काम डार्मश्टाट येथील तांत्रिक विद्यापीठात तयार झालेले ‘ड्रीम’ हे मुक्त सॉफ्टवेअर करते. त्याच्या आलेखात डीआरएमचा संदेश सपाट माथ्याच्या ठोकळ्यासारखा दिसतो. माथा एका बाजूला उतरता दिसला तर फिल्टर किंवा ट्यूनिंग चुकले आहे असे समजावे. बऱ्याचदा स्टेशनचे नाव आधी उमटते आणि आवाज थोडा मागून येतो, कारण क्षणिक व्यत्ययाने सलग माहिती हरवू नये म्हणून ती सुमारे दोन सेकंदांच्या अवधीत विखरून पाठवलेली असते. नाव दिसते पण आवाज तुटतो, अशा वेळी बहुधा गोंगाट जास्त असतो, आणि तो अनेकदा त्या संगणकाच्याच चार्जरमधून येत असतो. लॅपटॉप बॅटरीवर चालवून आणि अँटेना खिडकीबाहेर नेऊन पाहावे.