उसाचा ट्रॅक्टर चढालाच का तापतो?

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर जिल्ह्यातले पंधरा-वीस वर्षं जुने ट्रॅक्टरही मागे दोन-दोन भरलेल्या ट्रॉल्या घेऊन रस्त्यावर येतात. पंचगंगेच्या काठानं, सपाटीवर, तापमानाचा काटा निवांत हिरव्यात असतो. भुदरगड, राधानगरी, शाहूवाडीकडचा चढ लागला की तोच काटा लाल पट्टीकडे सरकतो. मग संशय थेट इंजिनाचं पाणी गार करणाऱ्या रेडिएटरवर जातो आणि नवा रेडिएटर बसवला जातो. पुढच्या चढाला काटा परत तिथंच. दोष कुठं आहे हे आधी मोजलं, तर यातला बराच खर्च टळतो.

एक लिटर डिझेलमध्ये साधारण 36 मेगाजूल ऊर्जा असते. पन्नासएक हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण ओझ्याखाली तासाला 10 लिटर डिझेल जाळतं, म्हणजे 100 किलोवॉट. यातला जेमतेम एक तृतीयांश भाग चाकं फिरवायला मिळतो, जवळपास तेवढाच सायलेन्सरमधून जातो आणि 25 किलोवॉटच्या आसपास उष्णता पाण्यात उतरते. न्हाणीघरातले 2 किलोवॉटचे बारा गिझर एकदम चालू ठेवावेत, एवढी ही उष्णता. ती रेडिएटरनं क्षणोक्षणी हवेत फेकायची असते.

आता चढ बघू. ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि ऊस मिळून 20 टन धरा आणि चाकांपर्यंत पोचणारी ताकद 30 किलोवॉट. सपाट रस्त्यावर एवढ्या ताकदीत हे ओझं ताशी 27 किलोमीटरनं जातं. 20 मीटरला 1 मीटर चढ असेल, तर तीच ताकद ताशी 8 किलोमीटरच देते. डिझेल तेवढंच जळतं, उष्णता तेवढीच तयार होते, पण समोरून येणारा वारा एक तृतीयांशावर येतो. सगळी भिस्त पंख्यावर. म्हणून सपाटीवर झाकून राहिलेला दोष चढाला उघडा पडतो. (ट्रॉलीत चार मोळ्या जास्त टाकल्या की हे गणित आणखी बिघडतं. शिवाय पुढची चाकं हलकी होतात आणि उतारावर ब्रेक पुरत नाहीत, ते वेगळंच.)

मोजायचं कसं? तारेचा सेन्सर असलेले, 110 अंशांपर्यंत वाचणारे दोन साधे डिजिटल थर्मामीटर घ्या. इंजिन थंड असताना एक सेन्सर रेडिएटरच्या वरच्या नळीच्या तोंडाला आणि दुसरा खालच्या तोंडाला बांधा. तो धातूवर टेकला पाहिजे, रबरी होजवर नको, कारण रबर उष्णता अडवतं. वरून ट्यूबचा तुकडा गुंडाळा, तारा पंखा आणि बेल्टपासून लांब न्या आणि भरल्या ट्रॉल्यांनिशी चढ चढताना दोन्ही आकडे सोबतच्या माणसाला वाचायला सांगा.

मिनिटाला 60 लिटर पाणी फिरत असेल, तर 25 किलोवॉट उष्णतेला वर-खाली सुमारे 6 अंशांचा फरक पडतो. प्रवाह निम्म्यावर आला की फरक 12 अंश होतो. त्यामुळे फरक 12-15 अंश दिसला, तर पाणी पुरेसं फिरत नाही, असं समजावं. बेल्ट सैल, वॉटर पंपाची पाती झिजलेली, नळ्या आतून चोंदलेल्या, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) अर्धवट उघडणारा किंवा खालचा होज पंपाच्या ओढीनं आत चेपणारा, यांपैकी काहीतरी असतं. फरक नेहमीएवढाच किंवा कमी असून दोन्ही आकडे जोडीनं चढत असतील, तर पाणी ठीक फिरतंय, हवा आपलं काम करत नाही.

उसाच्या वाहतुकीत पहिला संशय मी हवेवरच घेईन. पाचटाचा भुगा आणि रानातली धूळ पुढच्या जाळीतून आत जाते आणि जाळी व रेडिएटरच्या मधल्या फटीत बसते. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, आत मात्र नमदा झालेला असतो. त्यावर इंजिनातल्या गळक्या ऑइलची वाफ बसली की तो झटकूनही निघत नाही. इंजिन बंद करून मागून बॅटरी धरा आणि पुढून बघा. उजेड आरपार दिसला नाही, तर हवाही आरपार जात नाही. पाणी किंवा हवा मारायची ती इंजिनाच्या बाजूनं पुढे, म्हणजे कचरा आला त्याच वाटेनं बाहेर पडतो. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा जवळून आणि तिरका मारू नका, पातळ पत्रे आडवे पडतात आणि फट कायमची बुजते. कारखान्याच्या आवारात रांगेत गाडी उभीच असते, तेवढ्यात इंजिन बंद करून जाळी काढावी आणि मऊ ब्रश फिरवावा.

पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं मोडलं म्हणून काढून टाकलेलं बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत दिसतं. ते परत बसवाच. ते नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बाजूची गरम हवाच घुसळत बसतो. बेल्ट दोन पुलींच्या मध्ये अंगठ्यानं दाबल्यावर 10 ते 12 मिलिमीटर दबावा. पुलीच्या खाचेचा तळ चकाकत असेल, तर झिजलेला बेल्ट तळाला टेकतोय. बेल्टची पकड त्याच्या कडांवर असते, तळावर नाही, त्यामुळे असा बेल्ट कितीही ताणला तरी घसरणार.

पाण्याकडे मात्र हंगामाआधीच बघावं लागतं. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं ओतलं की सिलिंडरभोवती क्षारांचा थर बसतो. बिडापेक्षा तो उष्णता कितीतरी पटींनी कमी वाहून नेतो. 1 मिलिमीटर थर म्हणजे इंजिनाच्या भिंतीवर अडीच-तीन सेंटिमीटर जादा बीड चढवल्यासारखं होतं. काटा हिरव्यात असतो आणि लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली नळी, मात्र भाजत असतो. ज्या इंजिनांत लायनरला थेट पाणी लागतं, तिथं आणखी एक त्रास आहे. प्रत्येक स्फोटाला लायनर थरथरतो, त्याच्या अंगावर वाफेचे बारीक बुडबुडे होतात आणि फुटताना धातूला टोचत राहतात. शेवटी आरपार भोक पडतं आणि ऑइल दुधट होतं. यावर उपाय डिझेल इंजिनासाठीचा कूलंट, डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मा-निम्मा. तयार मिसळलेला असेल, तर त्यात पाणी घालू नका.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच असल्यानं उघडं पाणी इथं 98 अंशांच्या आसपासच उकळतं. रेडिएटरचं झाकण अर्धा बार दाब धरत असेल, तर हाच आकडा 110 पर्यंत जातो. झाकणाचं रबर कडक झालं असेल, तर ते बदला, पण कंपनीनं दिलेल्या दाबाचंच घ्या. जास्त दाबाच्या झाकणानं जुन्या पितळी रेडिएटरचे डाग उसवतात.

थर्मोस्टॅट काढून टाकणं हा उपाय नव्हे. बऱ्याच इंजिनांत तो उघडताना बायपासची वाटही बंद करतो. तो नसला की गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरकडे न जाता तसाच परत इंजिनात जातो. भांड्यातल्या पाण्यात तो दोऱ्यानं लटकवून गरम करा. त्यावर 82 छापलं असेल, तर 82 अंशांच्या सुमाराला तो हलायला लागला पाहिजे आणि आणखी दहा-बारा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे.

ओढ वाढावी म्हणून डिझेल पंप ‘वाढवून’ घेतला असेल, तर तो परत कंपनीच्या मापावर आणा. काळा धूर म्हणजे हवेच्या मानानं जादा गेलेलं डिझेल. त्यातून ताकद थोडी आणि उष्णता फार मिळते. ऑइलचा एअर क्लीनर तुंबला तरी हेच होतं. हंगामात त्यातलं ऑइल रोज बघा, गाळ दिसला की धुऊन खुणेपर्यंत नवं भरा. ट्रॉलीची हवा कमी असेल किंवा ब्रेक धरून राहत असेल, तर तो भारही इंजिनावरच येतो. थांबल्यावर प्रत्येक हबजवळ हाताची पालथी बाजू न्या. एकच हब गरम लागला, तर दोष तिथं आहे.

चालवताना गिअर चढाच्या पायथ्याशीच पाडा. इंजिन 1000 फेऱ्यांवर गुदमरत ओढत असेल, तर पंखा आणि वॉटर पंपही तेवढेच मंद फिरतात. खालच्या गिअरमध्ये 1800 फेऱ्यांवर तोच चढ चढला, तर हवा आणि पाणी दोन्ही जवळपास पावणेदोन पट मिळतं.

एवढं करूनही काटा लाल पट्टीत गेला, तर बाजूला घ्या, चाकांना दगड लावा आणि पाणी वाहत नसेल तर इंजिन 3 ते 5 मिनिटं हलक्या रेसवर चालू ठेवा. होज फुटला असेल, बेल्ट तुटला असेल किंवा ऑइलचा दाब पडला असेल, तर मात्र ताबडतोब बंद करा. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. झाकण उघडायची घाई नको. वरचा होज हातानं धरवेल आणि दाबला तर मऊ लागेल, तेव्हाच फडकं धरून पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, दाब सुटू द्या, मग काढा. इंजिन सुरू करून पाणी बारीक धारेनं भरा. भरताना वर सारखे बुडबुडे येत राहिले, तर इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग, म्हणजे हेड गॅसकेट, गेलंय. तेव्हा ट्रॉल्या तिथंच सोडून दुसरा ट्रॅक्टर बोलवा.